लाल शाई

कड्यावर यायचं तर दोर धरूनच.
पोथीसाठी बकऱ्यांची कातडीही
दोरानंच वर आली, अकरा वर्षं, एकेक करून.

काळी शाई मी घोटायचो:
दिव्याची काजळी, करपवलेलं धान्य, डिंक.
लाल मात्र आब्बा स्वतः करायचे.
लाल फक्त प्रभूच्या नावाला, त्याच्या आईच्या,
आणि ज्यानं खर्च केला त्याच्या.

खर्च म्हणजे तीन बैल. देणारा सरदार
शेवटचं पान होण्याआधीच तापानं गेला.
मुलांनी पोथीची चौकशीसुद्धा केली नाही.
‘तुझ्या या सेवकाची आठवण ठेव, प्रभू’
आणि पुढे चार बोटं कोरी जागा.

ती जागा आब्बांना झोपू देईना.
मी पांघरुणाआडून पाहिलं:
दिवा पुढे ओढून, बोरू लाल शाईत बुडवून
त्यांनी लिहिलं, गेब्रे-मेधिन.
आमच्या भाषेत तारणाऱ्याचा दास.
दास, लाल अक्षरांत, प्रभूइतक्याच उंचीचा.
मग हळूच फुंकर घातली,
लेकरासाठी पेज निववावी तशी.

सकाळी तिथे नाव नव्हतं.
खरवडून खरवडून कातडं इतकं पातळ
की पान उचललं की उजेड आरपार.

ही गोष्ट दोरावरून खाली उतरली.
आता लोक चार-चार दिवस चालत येतात
त्या पातळ जागेला ओठ लावायला.
म्हणतात, केवढी लीनता!
आपलंच नाव, आपल्याच हातानं!
खालच्या तीन गावांत
पाळण्यातली पोरं गेब्रे-मेधिन झाली.

खरवडलं मी होतं.
लीनता वगैरे काही नाही. अकरा वर्षं काजळी माझी,
काळी बोटं माझी, आणि नाव त्यांचं?

आब्बांनी पान पाहिलं. माझी नखं पाहिली.
‘पातं बोथट झालंय,’ म्हणाले, ‘घासून ठेव.’
बस्स.
पुढे नऊ वर्षं जगले. कुणी पाय धरले की
कानकोंडे व्हायचे,
पण एकदाही म्हणाले नाहीत
की तो हात माझा नव्हता.
मला वाचवत होते की स्वतःला,
अजून कळलेलं नाही.

सांगून टाकावं म्हणतो.
दर उपासाच्या दिवसांत म्हणतो.
पण तोंड उघडायच्या आत डोळ्यांपुढे येतं ते पान,
आणि त्या उजेडाच्या कडेनं, बारीक, लाल,
माझं नाव.

पातं रोज घासून ठेवतो.