नाखवा-चाचणी-०२

रबाळ्याला चौथ्या मजल्यावर आमच्या खोलीला खिडकी नाही.
भिंतीपलीकडे पारसिकचा डोंगर आहे, असं दिवसपाळीवाले सांगतात.
माझ्यासमोर आठ होस्ट
आणि त्यांवर सहाशे चाळीस यंत्रं,
हात लावायला कुठेच नाहीत, तरी जागा खातात.

पुस्तकात त्यांना आभासी म्हणतात.
आम्ही नुसतं व्हीएम म्हणतो
आणि रात्रभर त्यांची मेमरी बघतो,
आई डब्यात बोट घालून तांदूळ बघायची तशी,
किती पेरं उरलेत.

सरासरी बहात्तर टक्के.
सरासरी खोटं बोलत नाही,
फक्त पहाटे सव्वाचारला पगारपत्रकं निघताना
तिसरा होस्ट कसा धापा टाकतो
ते सांगत नाही.
म्हणून मी आलेखाची टोकं बघते.
आणि रांग बघते:
हातात काम घेऊन, सीपीयू मोकळा होईल म्हणून
उभी राहिलेली यंत्रं.
आमच्या भाषेत त्या वेळेला ‘तयार’ म्हणतात.
तयार, म्हणजे ताटकळलेलं.

एका होस्टभर जागा कायम रिकामी ठेवायची,
पंगतीत एक पान जास्तीचं मांडतात तशी.
एखादा कोसळलाच
तर त्याची ऐंशी बिऱ्हाडं
रातोरात बाकीच्यांकडे उतरली पाहिजेत.
साहेबांना दर तिमाहीला नेमकं तेच पान दिसतं.
हे कुणाचं? उचला.

या मार्चात निरोप आला:
नवा होस्ट नाही. आधी निजलेली शोधा.
शोधली. एकोणचाळीस.
अडतीसांचे मालक सापडले, कुणी लाजले, कुणी भांडले,
बंद झाली.

उरलं एक.
नाखवा-चाचणी-०२. दोन सीपीयू, चार जीबी.
वापर शून्य पूर्णांक तीन.
बाकी सपाट रेघ, आणि रोज रात्री तीन दहाला
एक बारीक काटा.
मालक: पराग नाखवा. सोडल्याची तारीख: रकाना कोरा.
त्याच्या जागेवर बसणाऱ्या मुलाने नावच ऐकलं नव्हतं.

बंद करायच्या आधी आत शिरले.
एकच फाईल, तीसेक ओळी.
आजची तिथी घे.
तिची पाऊणपट कर.
अष्टमी असेल तर सहा, भरती सहाला.
पुढे एक ओळ, वर त्याचीच टीप:
‘दिवाळे, खाडीच्या आत. बाबा म्हणतात वीस मिनिटं मिळव.’
मग एक मोबाईल नंबर,
मग पाठव.

एवढ्या लोखंडाच्या, एवढ्या थंड हवेच्या पोटात
बोटांवर होणारा हिशेब
आठ वर्षं चाललेला.
मी वर पंचांग उघडून ताडून पाहिलं.
चार मिनिटांचा फरक होता. माझा.

सकाळी पाळी सुटल्यावर फोन लावला.
मागे कावळे, कुणीतरी भांडी आपटत होतं.
हां, परागचा मेसेज ना, येतो की रोज.
आज भांग आहे, पाणी काय चढायचं नाही.
होडी? होडी कधीच विकली, बाई.
पण वेळ ठावी असलेली बरी.
पराग कुठे असतो, मी विचारलं.
ते थोडं थांबले, म्हणाले,
तुम्ही त्याच्या हापिसातल्या ना?
मी हो म्हटलं.
मग ते काही बोलले नाहीत, मीही नाही,
आणि फोन त्यांनी ठेवला की माझा कटला, कळलं नाही.

संध्याकाळी परत येऊन
एक सीपीयू काढून घेतला.
मेमरी चार जीबीवरून अर्ध्यावर आणली.
तीन दहाला जागून बघितलं: काटा आला,
आधीपेक्षा जरा जाड,
कारण आता त्याला मेहनत पडत होती.

अहवालात लिहिलं: परत मिळवलेली क्षमता, साडेतीन जीबी.
नाव तेच ठेवलं.
मालकाच्या रकान्यात
टाकलं, सुवर्णा मढवी, रात्रपाळी.
कारणाच्या रकान्यात काय लिहू ते सुचेना,
म्हणून ‘वापरात आहे’ लिहिलं
आणि पुढच्या होस्टकडे गेले.