अनोळखी फाइल

कडबी चौकातल्या हेडएंडच्या खोलीत एसी फक्त यंत्रांसाठी.
मी कडेला बसून त्यांची थंडी उसनी घेतो
आणि केबलमधून गेलेलं सगळं
आकड्यांत उतरवून घेतो :
शून्य ते नऊ, पुढे ए ते एफ.
सोळाच अक्षरं. विरामचिन्ह एक नाही.

पुण्याच्या साहेबांचं सॉफ्टवेअर हे वाचत नाही.
'अनोळखी फाइल' म्हणतं,
नव्या वॉचमनने घरमालकाला अडवावं तसं.

मग स्क्रिप्ट लिहायची.
फाइलच्या कपाळावर आधी तिची जात लिहावी लागते,
तेव्हा कुठे पुढचं यंत्र तिला आत घेतं.
'इथंबी का बे?' निकोसे म्हणाला.
हसला, पण पूर्ण नाही.

उघडली एकदाची. सगळं जागेवर,
वेळ तेवढी सरकलेली.
दुपारचं एक चाळीस
तिथे सकाळचं आठ दहा.
साडेपाच तास वाटेत सांडले.
पुण्याहून उत्तर : आठ वाजता त्या भागात काहीच बिघाड नाही.

तक्रार गिट्टीखदानच्या रंगारी बाईंची.
फोनवर म्हणाल्या होत्या,
'जेवाच्या टायमाले पोरगा अर्ध्या शब्दात थिजून जाते जी,
तोंड उघडंच रायते त्याचं.'
आमच्या रजिस्टरात याचं रूपांतर :
स्लो स्पीड. श्रेणी दोन.

तास भरून काढले, पुन्हा ओळ अन् ओळ पाहिली.
एक चाळीसला बाईंचा मोडेम हाक मारतो,
थांबतो, हाक मारतो,
आवाज चढवून हाक मारतो.
आमच्याकडून ओ नाही.

गेलो. सेहेचाळीस अंश.
खिडकीत कूलर, घरघरणारी मोटर,
तिच्या पायाशी पाण्याने गंजलेला कनेक्टर.
कूलर लावला की त्याचा गोंगाट तिथून केबलीत शिरायचा.
मे महिन्यात कोणाला म्हणायचं, बंद ठेवा?
कनेक्टर बदलला. वीस रुपयांचा.
बाईंनी माठातलं पाणी दिलं आणि विचारलं,
'त्या डब्ब्यात सापडले का जी,
पोराचे ते अर्धे रायलेले शब्द?'

नाही म्हणालो.
पाणी वाळ्याचं होतं, दुसरा ग्लास मागितला.

रात्री रूपांतर केलेली फाइल पुण्याला पाठवली.
मूळची ठेवून दिली, नाव दिलं : रंगारी दुपार.
कुठलंच अवजार ती घेत नाही.
मला वाचता येते,
तीही थोडी.