शेऱ्याचा रकाना

सत्तावीस वर्षं मी दाखले लिहितोय
शुक्रवार पेठेतल्या या हायस्कुलात.
वर्तणूक: चांगली.
प्रगती: समाधानकारक.
हात आपोआप चालतो.
ज्यानं हेडसरांच्या स्कूटरची हवा सोडली, त्याचीही चांगली,
फुटबॉलची मॅच हरल्यावर जो आठवडाभर
पेठेतच लपून राहिला, त्याचीही.
निळी शाई, गोल शिक्का, पुढचा.

यंदा संस्थेनं नवीन काढलं:
शाळा सोडल्याच्या दाखल्यावर
नागरिकशास्त्राची विशेष नोंद.
साठ तास काम, तीन सभांना हजेरी,
आणि गावातला एक प्रश्न, तडीस नेलेला.
आमच्या वेळी नागरिकशास्त्र म्हणजे
इतिहासाच्या शेपटाला बांधलेले वीस मार्क.
नमुन्यात रकानाच नाही, म्हटलं.
तर म्हणाले, शेऱ्यात बसवा.

एकच पोरगी पोचली शेवटपर्यंत.
नाझनीन शिकलगार, दहावी क.
बापाचं कात्री-सुऱ्यांना धार लावायचं दुकान, गंगावेशीत.
तिचा प्रश्न: शाळेमागच्या बोळातलं चेंबर.
झाकण नाही.
पुराच्या साली पंचगंगा बोळात आली,
तेव्हा गुडघाभर पाण्यातनं चाललेला दूधवाला
तिथं एकदम छातीपर्यंत गेला,
किटली तेवढी वर धरलेली.
लोक अजून किटलीचंच सांगतात.

अकरा अर्ज. अकरा पोचपावत्या.
साहेब मीटिंगला. साहेब रजेवर. साहेब बदलले.
विभागीय कार्यालयातला शिपाई तिला लांबनंच ओळखायचा,
"आलीस व्हय, चेंबर?"
एकदा झाकण आलं सुद्धा.
दोन बोटं लहान निघालं,
बसवताना घसरून आत पडलं.
ते अजून आतच आहे.

संस्थेत यावर चहा झाला दोनदा.
प्रश्न सुटला म्हणायचा का?
शेवटी कुणीतरी म्हणालं, देऊन टाका, फिरलीय बिचारी.
मजकूर माझ्या टेबलावर आला:
'सार्वजनिक प्रश्न यशस्वीपणे सोडविला.'
मी उतरवला. अक्षर माझं बरं आहे.

दाखला न्यायला आली ती काल.
पोरं जन्मतारीख बघतात आणि पळतात.
हिनं उभ्यानं सगळा वाचला,
पंख्यानं उडू नये म्हणून कागदावर बोट ठेवून.
"सर, 'यशस्वीपणे' खोडा.
'सोडविला' पण."
दाखल्यावर खाडाखोड चालत नाही, बाळ.
"मग नसलेलं चालतं?"
रागानं नाही.
नियम विचारावा, तसं.

मी खिडकीकडं बघितलं.
बोळात त्या चेंबरात तिनंच रोवलेली फांदी,
टोकाला लाल चिंधी.
दिवसातनं दोनदा मी सायकल तिथनं वळवतो,
घंटी वाजवत.
पुराच्या आधीपासनं वळवतोय.
ज्याचं पोट ओळी लिहिण्यावर चालतं,
त्यानं तिच्यासाठी एक ओळ लिहिली नव्हती.

कपाटातनं नवा नमुना काढला.
नाव, आईचं नाव, जन्मतारीख अक्षरी.
'वर्तणूक'पाशी हात थबकला.
चांगली, हा शब्द
आज पहिल्यांदा सुटी अक्षरं वाटला.
लिहिला.
मग शेऱ्यात, तिला विचारून विचारून:
'झाकणासाठी अकरा अर्ज केले.
पाठपुरावा करीत आहे.'
दाखल्यात सगळं झालेलं असतं:
होता, होती, सोडली.
'आहे' कधी लिहिल्याचं मला आठवत नाही.

ती गेली. बाराव्या अर्जाची झेरॉक्स काढायची होती.

राहिला जुना दाखला.
त्यावर दोन तिरप्या रेघा मारल्या,
रद्द नमुन्यांची वही उघडली.
वरच्या ओळींत माझंच अक्षर:
शाई सांडली. जन्मतारीख चुकली. शाई सांडली.
तारीख घातली. अनुक्रमांक घातला.
रद्द करण्याचे कारण:
मजकूर खोटा होता.

खाली सही केली,
नेहमीपेक्षा जरा मोठी.