नव्या संचात

सोमवारी सकाळी सातला डायलिसिसच्या चार खुर्च्या भरतात.
मी सुया टोचते, नळ्या जोडते,
रक्त अंगाबाहेर पडून यंत्राकडे निघतं
आणि तेवढ्यात वॉल्टर म्हणतो,
"काल पाहिलंत? निव्वळ कचरा."

काल म्हणजे रविवार, रात्री नऊ.
इन्स्पेक्टर ब्रॅकन, त्याचा तो उसवलेल्या खिशाचा कोट
आणि आमच्याच गोदीत सापडलेलं सहावं प्रेत.
(ग्रिम्सबीत इतके खून होत नाहीत.
इथे माणसं आपापली, सावकाश मरतात.)

वॉल्टरने तीस वर्षं त्या गोदीत मासळीच्या पेट्या उचलल्या.
"ओहोटीला प्रेत त्या भिंतीला लागेलच कसं?
लिहिणाऱ्याने समुद्र पाहिलाय का कधी?"
मिसेस होलरॉइडना ओहोटीशी देणंघेणं नाही,
त्यांना ब्रॅकनचं गप्प बसणं आवडतं.
"माझा रॉय असाच बसायचा, चहा निवेपर्यंत."
बोझेनाला खुनी दुसऱ्याच भागात कळलेला असतो,
नाव मात्र ती शेवटचा भाग झाल्यावर सांगते.
क्वाबेना बस चालवायचा. त्याचं लक्ष रस्त्यांवर:
"क्लीथॉर्प्सला निघालेली गाडी
पुढच्या क्षणी लिंकनच्या चढावर? टायर तरी बदला!"

चार तास असतात.
चार तासांत अख्खी मालिका सोलून होते,
बांगड्याचा काटा काढावा तशी,
शेपटीपर्यंत.

मग बातमी आली. पुढच्या पर्वात ब्रॅकन तोच,
कोटही तोच,
नट दुसरा.
वॉल्टरचा रक्तदाब वीसने चढला. मी नोंद केली.
मिसेस होलरॉइडनी पेपरातला फोटो पाहिला,
उलटा ठेवला.
"याच्या चेहऱ्यावर अजून कुणी मेलेलंच नाही."

देवगडला भिंतीवर जाहिरात लागायची,
तेच नाटक, नव्या संचात.
बाबा तिकीट काढायचे आणि पहिला अंक
हाताची घडी सोडायचे नाहीत.
मध्यंतरात वडा खाताना म्हणायचे, "पहिल्याची सर नाही."
तिसऱ्या अंकात चष्मा पुसायचे,
काच धुरकटली म्हणून.

हे मी खुर्च्यांना सांगितलं नाही.
'संच' कसा सांगणार,
आणि मी स्वतःच इथे जॅनिसच्या जागी आलेली,
निळा गणवेश तोच, बाहीला दोन बोटं घडी घातलेला.
पहिले सहा आठवडे वॉल्टरने मला दंड दिला नाही.
दिला तेव्हा छताकडे बघत म्हणाला,
"जॅनिसची सुई कळायचीसुद्धा नाही."
त्याच्या शिरेला कान लावला की
लांबच्या बोटीची घरघर ऐकू यायची.
मला ती आता झोपेतही ओळखता येईल.

नोव्हेंबरात, रात्री दोनला, त्याचा फोन वाजला.
किडनी जुळली होती.
कुणाची, ते सांगत नाहीत.

फेब्रुवारीत तो आला. बिस्किटांचा डबा, तोंडावर मास्क,
दारातच उभा.
इतका उंच आहे हे मला माहीत नव्हतं.
त्याच्या खुर्चीत आता कॅलम, तेवीस वर्षांचा,
कानात हेडफोन, मालिका न पाहिलेला.
वॉल्टरने खुर्चीकडे पाहिलं, मग खिडकीकडे.

"रविवारी सुरू होतंय," मिसेस होलरॉइड म्हणाल्या,
"बघणार आहेस त्या पोराला?"

वॉल्टरचा हात जॅकेटवरून खाली गेला,
उजव्या कुशीशी थांबला.
झोपलेल्या मांजरावर ठेवावा तसा.
"दोन भाग देऊ त्याला," तो म्हणाला.
"लगेच कुठे रुजतंय कुणी."
मग जरा थांबून, "पण भरतीचं गणित चुकलं
तर मी पत्र लिहिणार."

"खुनी कोण ते मला आत्ताच माहीत आहे," बोझेना म्हणाली.

तीन नंबरचं यंत्र बोंबलायला लागलं.
कॅलमने कोपर दुमडलं होतं.
"हलच्या हॉस्पिटलात," तो हेडफोन न काढता म्हणाला,
"एक नर्स होती ना, तिची सुई..."

"कळायचीसुद्धा नाही," मी म्हणाले.
"हात सरळ ठेव."