शेड नंबर एकशे बारा

गणवेश सोलापूरचे, हे शेवटच्या पाट्यांत कधीच आलं नाही.
'दूरनक्षत्र' संपलं की नावं सरसर वर जायची
आणि अम्मा म्हणायची, वाचू तरी द्या की ओ,
ह्यांचं निसटलं असेल.

निसटलं नव्हतं. नव्हतंच.

साखर पेठेतल्या बोळात, पत्र्याखाली, वाफेत,
नान्ना म्हणजे पेंटप्पा बोधूल
अंतराळातल्या माणसांना रंग द्यायचे.
सुकाणूवाले जांभळे, वैद्य राखी,
आणि यंत्रघरातल्यांना शेड नंबर एकशे बारा:
करडईच्या फुलाचा.
"पहिल्या दिवशी पिवळं, चौथ्या दिवशी तांबडं.
मला दुसऱ्या दिवसाचं पाहिजे,"
असं ते ढवळणाऱ्या पोराला सांगायचे
आणि ताग्याचं टोक उन्हात धरून
'बसला' एवढंच म्हणायचे.

बावीस वर्षं चाललं ते.
जहाज जळलं, नवं आलं, कॅप्टन तीनदा बदलला,
एकदा तर सगळेच मेले आणि पुढच्या रविवारी
जेवायला बसले.
त्याचं कुणाला काही वाटलं नाही.
पण यंत्रघरातल्यांचा रंग सरकला, हे लोकांनी पकडलं.
पत्रं गेली: तिसऱ्या पर्वात ही माणसं
तांबूस का दिसतात?

मग लेखकांनी एक संवाद घातला.
कॅप्टन खिडकीशी उभा, बाहेर एक मरू घातलेला सूर्य:
"युद्धानंतर नियमावली बदलली."
विडी घरकुलातल्या आमच्या खोलीत
शेंगाचटणी तशीच बोटाला धरून नान्ना हसले.
"कसलं युद्ध बे!
त्या साली टँकरचं पाणी. क्षारानं खाल्ला रंग."

पुढच्या वर्षी पाणी बरं होतं.
रंग आणखी सरकला.

नमुन्याचा कपटा त्यांनी कधी जवळ ठेवला नाही.
नजरेत आहे, म्हणायचे.
नजरेत साय धरत होती हे आम्हाला
त्यांनी गिरणगावातल्या मेहुण्याला नमस्कार न करता
त्याच्या सायकलला केला, तेव्हा कळलं.

शिबिरात ऑपरेशन झालं. एक डोळा, मग दुसरा.
पट्टी निघाली त्या दुपारी ते घरी आलेच नाहीत,
तडक कारखान्यात.
फळीवर वर्षवार उरलेले तुकडे, धूळ झटकून
मांडत गेले जमिनीवर, एकाशेजारी एक.
दुसऱ्या दिवसाचं फूल, तिसऱ्या, चौथ्या,
आणि शेवटी ते, जे करडईला कधी येतच नाही.
मी दारात. रिक्षा बाहेर घरघरत होती.
"म्हणजे युद्ध झालं होतं की," म्हणाले.

आता मुंबईहून फोन:
गोष्ट मागे जाणार आहे, पहिल्या उड्डाणाच्याही आधी.
तोच रंग पाहिजे. अगदी तोच.
ती पुडी येणं बंद झालेलं. वहीची पानं पाण्यात चिकटलेली.
जुनी चित्रफीत दर टीव्हीवर वेगळी,
आमच्यावर तर सगळेच हिरवट.

पहिल्या घाण्यातल्या उरल्यासुरल्याची
अम्मानं मला दप्तराची पिशवी शिवली होती.
ती काढली. विटून विटून कापड
भाकरीच्या पापुद्र्याच्या रंगाचं झालेलं.
पण खालची दुमड ब्लेडनं उसवली तर आत
दोन बोटं रुंद
करडई.

नान्नांनी ती पट्टी उंबऱ्याशी नेली,
ट्यूबलाइट बंद करायला लावली.
उलटी केली, सुलटी केली, नखानं धागा उचलला.
मला वाटलं आता 'बसला' म्हणतील.
म्हणाले, "कापडावर काय भरोसा.
तेही म्हातारं झालंय, आत बसून का असेना."

आणि श्रीहरीला हाक मारली. जा, कुंभारीला जा,
रानात करडई लागली असेल.
दुसऱ्या दिवसाचं फूल आण.

दुसऱ्या दिवसाचं कसं ओळखू, तो विचारतो.

"आज कळी बघ. फुटायला आलेली बघ, दोरा बांध.
उद्या फुटंल. परवा तोड."

फोनवाल्याला उद्या सकाळी पाहिजे होतं.