उरलेला वॉशर

विश्वामित्री परत आपल्या पात्रात गेली
तेव्हा पार्किंगच्या भिंतीवर तिची रेघ माझ्या कमरेएवढी,
आणि येझदीच्या टाकीवर, झाकणाच्या दोन बोटं खाली.
म्हणजे इंजिन पूर्ण. डायनॅमो पूर्ण.
सायलेन्सरमध्ये गोगलगायीचा एक शंख,
शेंगदाण्याएवढा, रिकामा.

भंगारवाल्याने उभ्या उभ्या सांगितलं, अकराशे.
उन्मेष फोनवर म्हणाला, देऊन टाक ताई, जागा मोकळी होईल.
जागा कोणाला हवी होती?
वॉचमन आणि मी मिळून इंजिन पहिल्या मजल्यावर चढवलं,
निळ्या फुलांची जुनी चादर अंथरली,
ओट्याखालचा स्टूल ओढला
आणि पहिला बोल्ट फिरवला.
फिरला नाही.

अकरा दिवस सिलिंडरमध्ये डिझेल.
रोज कॉलेजहून आल्यावर, पर्स खांद्यावर असतानाच,
पिस्टनवर लाकडाचा ठोकळा ठेवून एक ठोका,
आत कोणी झोपलं असेल अशा दारावर मारतो तेवढाच.
बाराव्या दिवशी तो केसभर सरकला.
मी आईला ओरडून सांगितलं, हलला!
आई म्हणाली, कोण?

मग सगळं सुटत गेलं, नको तितकं.
नट-बोल्ट मी लग्नपत्रिकांच्या पाकिटांत घातले,
वर लिहीत गेले:
क्लच, डावीकडचा.
चेनच्या मागचा.
लांब, पण फार लांब नाही.
हा कुठला?
एका पाकिटावर नुसतं, सावकाश.
ते कशासाठी लिहिलं होतं, आता आठवत नाही.

क्रँककेसमधून चमचा चमचा गाळ निघाला,
उगाळलेल्या चंदनासारखा मऊ,
वास मात्र नदीचा, आणि नदीत आम्हा सगळ्यांच्या मोऱ्यांचा.

मकरपुऱ्याला धनजीभाईंचं लेथ.
चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी सिलिंडरच्या आत बोट फिरवलं,
साडीचा पोत बघावा तसं.
बेन, आ कोनी छे?
मारी.
ना, चलावे कोण?
हूं.
त्यांनी चष्मा खाली घेतला, माझ्याकडे पाहिलं,
आणि बोरिंगचे पन्नास रुपये कमी लावले, किंवा जास्त,
पावतीवरचा आकडा वाचता येत नाही.

केस तापवायची, बेअरिंग गार करायचं. पुस्तकात एवढंच.
नानकटाईच्या ओव्हनमध्ये अर्धं क्रँककेस,
फ्रीजरमध्ये मटारशेजारी पिशवीत बेअरिंगं.
आईने फ्रीज उघडून विचारलं, हे कधी सोलायचे?
गरम केसमध्ये गार बेअरिंग आपसूक बसलं.
हातोडी लागली नाही.
इतकं सोपं काही त्या वर्षात माझ्या हातून झालं नव्हतं.

गजन पिनची सर्कलिप मात्र उडाली.
पलंगाखाली, तांदळाच्या डब्यामागे, चपलांत, सगळीकडे चुंबक फिरवला.
दुसऱ्या दिवशी बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला
एका मुलीने माझ्या वेणीतून ती काढून दिली.
मॅडम, हे काय?
मी म्हटलं, ठेव टेबलावर, महाग आहे.
चार रुपयांची.

टायमिंगला डायलगेज नव्हता.
आईची विणायची सुई प्लगच्या भोकातून पिस्टनवर टेकवली,
तीन मिलिमीटरवर नेलपॉलिशची खूण.
चाक हाताने फिरवलं. सुई वर आली,
वर पोचल्यावर क्षणभर काहीच केलं नाही तिने,
मग उतरायला लागली.
आई म्हणाली, स्वेटर अर्धा राहिलाय.

हिला दांडी एकच: तीच गियर, तीच उभी केली की किक.
रविवारी, सोसायटीच्या झोपेच्या वेळी,
सव्वीस किका.
सत्ताविसावीने माझ्या पिंढरीला उलटा फटका दिला.
अठ्ठाविसावीला लागली.

निळा धूर जिन्याने तिसऱ्या मजल्यापर्यंत गेला,
वर कोणीतरी खिडकी आपटली.
आई गॅलरीत, पदर नाकाला, दुसऱ्या हाताने खुणावत होती,
बंद कर, की अजून, ते कळलं नाही.
चार मिनिटं. मग तीच बंद पडली.

सकाळी चादर झटकताना एक वॉशर निघाला होता,
पितळी, कोरा, माझ्या खिशात.
पाकिटं सगळी रिकामी. हा कुठला, तेसुद्धा.
वर जाऊन स्टूल ओढला.
चादर आईने भिजत घातली होती,
म्हणून वर्तमानपत्र अंथरलं.