अर्थिंग

हर्षालीचा फोन आला तेव्हा मी दिघ्यात
एका मीटरसमोर उभा, हातात पक्कड,
तीन महिन्यांचं बिल थकलेलं.
"बाबा, खड्डा किती खोल घेऊ?"

मलावी. नकाशात बोटानं शोधलं होतं.
कॉलेजची सात मुलं, चार सोलर पॅनल,
पत्र्याची शाळा. फळ्यावर दिवसा गणित,
रात्री काहीच नाही.

म्हटलं, तुझ्या उंचीएवढा खण, वर वीतभर.
प्लेट उभी ठेव. भोवती कोळसा, मीठ,
थरावर थर,
आणि पाणी घालत राहा, नव्या रोपाला घालतात तसं.

मिठाशी ती अडली.
इथं आम्ही पोतंच ओततो, मोजतो कोण.
तिथं आठवडी बाजार अजून चार दिवसांवर.
मग म्हणे शाळेतली पोरं घरोघर गेली,
कुणी चिमूट दिली, कुणी कागदात मूठभर,
एका म्हातारीनं वाटीच उपडी केली
आणि विचारलं, जमिनीला एवढी भूक कशाची?

हर्षालीला त्यांच्या भाषेत उत्तर येईना.
मला मराठीतही आलं नसतं.
एवढंच ठाऊक, वीज वाट चुकली
की तिला परतायला घर लागतं.

परवा रात्री फोटो आला:
एक बल्ब, चाळीस डोकी,
सगळी बल्बकडेच बघतायत,
पुस्तकात एकही नाही.
ती वैतागलेली. मी हसलो.

दिघ्यातलं ते कनेक्शन कापलं की नाही
विचारू नका. वहीत लिहिलंय,
"घर बंद."
आत कुकरची शिट्टी होत होती.